पावतीशिवाय पैसे नाही

१४ नोव्हेंबर २०२४

गाडी सापडली. हरीओम नाही.

सकाळी चहा पीत होतो तर अनोळखी नंबरवरून फोन. "दौलतराव अवचार का? तुमची काळी मोटरसायकल आमच्या स्टँडवर उभी आहे, वाशीमले, रेल्वे स्टेशनच्या समोर. दसऱ्यापासून कोणी न्यायलेच आलं नाही." नंबरवरून नाव काढलं म्हणे. गाडी माझ्या नावावर आहे. एसटीतून रिटायर झालो तेव्हाच्या पैशातून घेतली, पण चालवली ती पोरानंच.

साधनाला सांगितलं. भाकरी थापत होती. पिठाचे हात तसेच घेऊन उंबऱ्यावर येऊन बसली. म्हणाली, "स्टेशनवर ठेवली म्हंजे रेल्वेत बसला. म्हंजे चांगला आहे." महिना झाला, 'चांगला' हा शब्द घरात कोणी काढला नव्हता. गावातल्या विहिरी पाहून झाल्या, तलाव पाहून झाला, सगळे नातेवाईक झाले. मोबाईल बंदच. आज निदान एवढं कळलं की पोरगा विहिरीकडं नाही, स्टेशनकडं गेला.

तव्यावरची भाकर पार जळली. तशीच खाल्ली. उद्या वाशीमला जातो.

१५ नोव्हेंबर

डोकं फिरलं आहे. लिहून काढतो, नाहीतर उतरायचं नाही.

स्टँड म्हणजे रतनशेठ नावाच्या एका कापडवाल्या म्हाताऱ्याची मोकळी जागा. वर पत्रे, समोर साखळी, आत गाड्यांच्या रांगा. कारभार नातू पाहतो. अंकित नाव. बोलताना आपल्याकडं पाहत नाही, मोबाईलकडं पाहतो. आपली गाडी अगदी मागं, भिंतीला. वर बोटभर धूळ आणि कबुतरांची घाण. हँडलला सत्तेचाळीस नंबरचा पत्र्याचा बिल्ला. तिथं बिल्ल्याची जोडी असते, एक गाडीला बांधतात, एक गाडीवाल्याला देतात. दुसरा हरीओमच्या खिशात असेल. जिथं असेल तिथं.

आरसी बुक दाखवलं, आधार दाखवलं. पोरगं म्हणे, "बिल्ला नसला तरी चालते काका, कागदं बरोबर आहेत. फक्त चार्ज भरा." बोर्डावर लिहिलेलं, दिवसाचे वीस रुपये. त्याच्या खाली 'आठवड्यानंतर दर दुप्पट'. ही खालची ओळ मला जरा जास्तच लाल दिसली. बोट लावून पाहिलं — बोटाला रंग!

म्हटलं, ही ओळ कधीची? "पहिलेपासूनची." मी बोट त्याच्या नाकासमोर धरलं. म्हणे बोर्ड जुना झाला होता, परत रंगवला. एवढी एकच ओळ जुनी झाली होती वाटतं.

बरं, म्हटलं, पावती दे. "पावती नसते काका. स्कॅन करा, नाही तर कॅश द्या." मग पैसे कशाचे मागतो? "जागेचे. जागा प्रायव्हेट आहे. दर आमचा."

इथं माझं सटकलं. सारी नोकरी कंडक्टरकीत गेली. पैसे घेतले की तिकीट, हा एकच धर्म पाळला मी. एकदा तपासणीवाला चढला, माझ्या बॅगेत दोन रुपये जास्त निघाले. कमी नाही, जास्त. तरी मेमो मिळाला. कारण जास्त निघाले म्हणजे कोणाचे तरी पैसे घेतले आणि तिकीट दिलं नाही. त्या दिवसापासून मी मेलेल्या माणसालाही तिकीट दिलं असतं. आणि हे कालचं पोरगं मला शिकवतं!

म्हटलं, "पावतीशिवाय पैसे नाही." तो म्हणे, "मंग गाडी नाही." साखळी लावून टाकली.

रिकाम्या हातानं परत आलो. साधना दारातच उभी. "कुठी आहे गाडी?" सगळं सांगितलं. ती आत गेली आणि भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी.

१६ नोव्हेंबर

ही दिवसभर गप्प. हिच्या मनात काय आहे ते मला माहीत आहे. पोरगा माझ्यामुळं गेला असं तिला वाटतं.

कारंजाला एका शाळेत शिपायाची जागा होती. मी किती लोकांच्या मागंपुढं करून शब्द टाकला होता! मुलाखतीच्या दिवशी हा गेलाच नाही. पोलीस भरतीचंच करीन म्हणे. भरतीत तीनदा नापास झालेला माणूस. चारचौघात माझी शोभा झाली. घरी येऊन म्हटलं, यापुढं तुझ्या नावात माझं नाव लावू नको. त्यानं बूट घातले आणि गाडी काढली.

म्हटलं तर म्हटलं. बाप रागावत नाही का? मी माझ्या बापाच्या चपला खाल्ल्या आहेत, पण संध्याकाळी जेवायला घरीच होतो.

१८ नोव्हेंबर

शिरपूरच्या ठाण्यात गेलो. हवालदार धनसिंग ओळखीचा. पोरगा हरवल्याची तक्रार त्यानंच लिहून घेतली होती. गाडी सापडली म्हटल्यावर खूश झाला, फाइलला एक कागद लावला. स्टँडवाल्याचं सांगितलं तर म्हणे, "दौलतभाऊ, परवा मतदान आहे. अख्खं ठाणं बंदोबस्ताले. अन् ते खाजगी जागेचं आमच्याकडे येत नाही."

पोराचं काही? "निवडणूक होऊ द्या."

२० नोव्हेंबर

मतदान केलं. यादीत हरीओमचं नाव माझ्या नावाखाली. पोलिंगवाल्यानं विचारलं, मुलगा येणार का. म्हटलं, येईल.

२६ नोव्हेंबर

आज मंगळवार. परत वाशीम. आधी नगर परिषदेत गेलो. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर. शेवटी एका बाईनं खरं सांगितलं. जागा त्यांच्या मालकीची, कर भरलेला आहे, दर काय घ्यायचा ते आम्ही सांगू शकत नाही. म्हटलं, उद्या तो हजार रुपये रोज म्हणेल. बाई म्हणाली, "तुम्ही गाडी ठेवू नका ना मग." बाई, मी ठेवली नाही! जो ठेवून गेला तो असता तर मी कशाला आलो असतो? हे मनात. तोंडानं बरं म्हटलं आणि जिना उतरलो.

तिथून स्टँडवर. पैसे नाहीत देणार, पण माझी गाडी पाहायला तर बंदी नाही. घरून जुनं धोतर फाडून नेलं होतं. गाडी पुसली. घरी दुसरी किल्ली होती, ती लावली, चार किक मारल्या. पाचव्या किकेला सुरू झाली. अंकित धावत आला, "काका, स्टँडमध्ये गाडी चालू कराची नाही." म्हटलं, बोर्डावर लिही. लाल रंग उरला असेल.

साडेतीनची पॅसेंजर यायची होती. पूर्ण्याकडून येते. थांबलो जरा, उतरणारे लोक पाहिले. मग बस धरली.

३ डिसेंबर

गेलो होतो. गाडी पुसली. पॅसेंजर उशिरा आली. नव्हता.

१० डिसेंबर

ग्राहकांची तक्रार घेतात त्या ऑफिसात गेलो. तरुण माणूस, सभ्य बोलला. "पावती आहे का काका?" म्हटलं, पावती देत नाही हीच तर तक्रार. "पण पावती नाही तर तुम्ही ग्राहक आहात हे कसं दाखवणार?" म्हटलं, माझी गाडी तिथं साखळीत आहे. "मग त्यांनी दिलेलं काही असेल ना? टोकन, बिल्ला?" बिल्ला आहे, पोराजवळ. "मग मुलाला घेऊन या."

हो म्हटलं. घेऊन येतो.

बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो. रसवाल्यानं पैसे घेतले. त्यालाही पावती मागणार होतो. मग माझंच मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी हसलो आणि हसायला बरोबर कोणी नव्हतं.

१७ डिसेंबर

रतनशेठ आज स्वतः बसला होता. ऐंशीच्या पुढं असेल, पांढरी टोपी, कानाला कमी ऐकू येतं. मी सरळ मागं गेलो, पुसायला लागलो. थोड्या वेळानं तो काठी टेकत आला. "तुमचा मुलगा गेला तो हाच का?" गेला म्हणजे काय, म्हटलं. गेला नाही, निघून गेला. तो म्हणे, "हव, तेच म्हणतो मी." मग उभाच राहिला. म्हणे, ठेवून जाताना तो दिसला होता. पाठीवर बॅग. सीटवरून हात फिरवला आणि गेला.

हे साधनाला सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं. पण तिनं विचारलं असतं, मागं वळून पाहिलं का? आणि ते मी विचारलं नव्हतं.

२४ डिसेंबर

गाडीवर निळी ताडपत्री! अंकित म्हणे, आजोबांनी टाकायला लावली. त्याचा चार्ज किती, असं विचारलं. पोरगं लाजलं पहिल्यांदा.

पॅसेंजर वेळेवर आली. एक पाठमोरा पोरगा दिसला, तोच शर्ट, तेच खांदे. मी प्लॅटफॉर्मवरच्या पुलापर्यंत पळालो. वळला तर कोणीतरी दुसराच. मला म्हणे, "काय झालं काका, बॅग राह्यली का तुमची?"

२ जानेवारी २०२५

नवीन वर्ष लागलं. ठाण्यात चक्कर. धनसिंगची बदली झाली. नव्या हवालदाराला पहिल्यापासून सांगितलं. "पोरगी वगैरे प्रकरण होतं का?" नाही. "मंग येईल. पैसे संपले की येतात."

साधना रोज संध्याकाळी त्याचं ताट वाढते. आधी झाकून ठेवायची. आता वाढते आणि आम्ही दोघं त्यातलंच खातो.

१४ जानेवारी

संक्रांत. नेमका मंगळवार आला.

रतनशेठनं हातावर तिळगूळ ठेवला. खुर्ची मागवली, पाणी मागवलं. म्हणाला, "दौलतभाऊ, त्या बोर्डाचं तुमचं बरोबर आहे. ते ओळ नंतर लिहिली पोरानं. मी आताच पुसाले लावतो." आणि खरंच, अंकितनं माझ्यासमोर रॉकेलचा बोळा घेऊन ओळ पुसली. मान खाली घालून पुसत होता. मग म्हातारा म्हणाला, "काही देऊ नका. घेऊन जा गाडी."

दोन महिने भांडलो ते जिंकलो की मी! अख्ख्या जिल्ह्यात कोणी ऐकलं नव्हतं, त्यानं ऐकलं. उठून किल्ली लावायची, निघायचं, एवढंच राहिलं होतं.

आणि मी काय म्हटलं? म्हटलं, फुकट नाही नेणार. तुमची जागा अडवली, तिचा साधा दर देईन. पण पावती पाहिजे.

"पावतीपुस्तक नाही हो स्टँडचं. आपल्या दुकानाचं आणू का? कापडाचं?"

म्हटलं, कापडाच्या दुकानाची पावती गाडीला चालत नाही.

तो पाहतच राहिला माझ्याकडं. अंकितही पाहत राहिला, हातात रॉकेलचा बोळा. मी पॅसेंजरची वेळ झाली म्हटलं आणि निघालो. प्लॅटफॉर्मवर बसून राहिलो. पॅसेंजर आली, गेली.

घरी येऊन साधनाला जसंच्या तसं सांगितलं. वाटलं होतं चिडेल. ती शांतपणे तिळगुळाचा डबा लावत होती. म्हणाली, "तुमाले गाडी आनाचीच नाई."

काय वेड्यासारखं बोलतेस, म्हटलं.

"मी कायले वेडी? गाडी घरी आली तं तुमी मंगळवारी कुठी जासान? गाडी तिथी आहे तवर त्याले तिथी यावंच लागते. असंच वाटून राह्यलं ना तुमाले?"

मी उठून अंगणात गेलो. बाईला पोळ्या करता येतात, तेवढंच येतं असं मी सगळी जिंदगी समजत आलो. खरं आहे तिचं. गाडी घरी आणली म्हणजे मीच लिहून दिलं की तो आता येत नाही. हे मला माहीत होतं का? माहीत होतं. पहिल्या दिवसापासून, लाल बोटापासून माहीत होतं.

पण मग तिला नाही का वाटत तसं? हे विचारायला परत आत गेलो तर ती त्याच्या ताटात तिळगूळ ठेवत होती.

२८ जानेवारी

एसटीचं भाडं वाढलं. बायकांना अर्धं, मला पूर्ण. कंडक्टर नवीन पोरगी होती, मशीनमधून तिकीट काढून दिलं. पैसे मात्र चुकून जुन्याच दरानं घेतले तिनं. मी सांगितलं, बाई, वाढलं आहे, तुझी बॅग कमी भरेल. ती म्हणे, थँक्यू काका, तुमाले कसं कळलं? म्हटलं, सवय.

स्टँडवर गेलो. पुसायला काही नव्हतंच. ताडपत्री होती. ती झटकली.

४ फेब्रुवारी

गेलो. नव्हता.

रतनशेठ आता काही विचारत नाही. चहा येतो, दोघं पितो. त्यानं त्याच्या मोठ्या पोराचं सांगितलं, परदेशात आहे, फोन करतो, पण बोलायला काही नसतं म्हणे. मी म्हटलं, फोन तर येतो.

११ फेब्रुवारी

आज लिहू नये असं वाटतं. पण कोणाला सांगू?

सकाळी रेल्वे पोलिसांचा फोन आला. रुळावर एक देह सापडला आहे, वय पंचवीस-सव्वीस, अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात ठेवला आहे, येऊन ओळखा. साधना म्हणे मीही येते. नाही म्हटलं. तिनं ऐकलं नाही. बसमध्ये माझ्या शेजारी बसली आणि सारा रस्ता खिडकीच्या गजाला धरून होती. माझ्या नोकरीत मी या रस्त्यानं किती वेळा गेलो असेन! एकही गाव ओळखू आलं नाही.

तिथं आणखी एक माणूस बायकोला घेऊन आला होता, रिसोडकडचा, डोक्याला रुमाल. त्याचाही पोरगा गेलेला. आम्ही दोघं बाकावर बसलो. कोणी कोणाला गाव विचारलं नाही. आत मला आधी बोलावलं. चेहरा पाहण्यासारखा नव्हता. मी उजव्या पायाचा अंगठा पाहिला. हरीओमच्या अंगठ्यावर लहानपणी कुऱ्हाड पडली होती, अर्धं नख नाही. या पायाला नख होतं. पूर्ण, चांगलं नख.

नाही, म्हटलं. हा नाही. आणि मला इतका आनंद झाला की भिंतीला हात लावून उभा राहिलो.

मग त्या माणसाला आत नेलं. त्याचा आवाज बाहेरपर्यंत आला.

साधनानं मला हातानं विचारलं. मी मान हलवली. ती उठली, आणि त्या माणसाच्या बायकोजवळ जाऊन बसली. तिला पाणी पाजलं. कितीतरी वेळ बसली. आमची बस गेली, दुसरीही गेली.

परत येताना साधना म्हणाली, "गाडी घेऊन या आता. पुरं झालं. दर मंगळवारी तुमी मरून येता. मले ते पाह्यवत नाई."

१३ फेब्रुवारी

ताप आहे. पडून.

१६ फेब्रुवारी

ताप उतरला. साधनानं आज अंगणातली गाडीची जागा सारवली. कोंबड्यांची डाली तिथं आली होती, ती हलवली. म्हटलं, एवढं कशाला, गाडीच ठेवायची ना. ती म्हणाली, "त्याची जागा आहे."

त्याचं ताट आज वाढलं नाही. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. दोघांनी आपापल्या ताटात खाल्लं.

१८ फेब्रुवारी

मंगळवार असून गेलो नाही. पॅसेंजरच्या वेळेला घड्याळाकडं पाठ करून बसलो, तरी कळलंच.

ठरलं. परवा जाऊन गाडी आणतो. कोणताही दर सांगू दे, पावती देऊ दे नाहीतर नको देऊ. रतनशेठच्या हातात पैसे ठेवायचे, नमस्कार करायचा, निघायचं. उद्या शिवजयंतीची सुट्टी, मिरवणुका राहतील, रस्ते बंद.

आयुष्यात पहिल्यांदा बिनातिकिटाचा व्यवहार करणार. कशासाठी भांडलो आणि कोणाशी, काही कळत नाही. तो येत नाही. हे आज इथं लिहितो आणि यापुढं लिहिणार नाही.

२० फेब्रुवारी

गाडी नाही. ताडपत्री घडी करून ठेवलेली, जागा रिकामी.

मी अंकितची गचांडीच धरली. तर रतनशेठ काठी टेकत आला. "सोडा त्याले. काल तुमचा मुलगा आला होता."

सत्तेचाळीसचा बिल्ला काढून दिला म्हणे. दाढी वाढलेली, तब्येत बरी. शेठनं त्याला सगळं सांगितलं. मंगळवार, धोतराचं फडकं, पॅसेंजर, सगळं. तो गाडीवर हात ठेवून ऐकत होता. पैसे नको म्हटलं तरी दिले. साध्या दरानं. आणि म्हणे, पावती पाहिजे.

शेठनं दुकानाचं पुस्तक मागवलं. पोरानं पावती फाडून घेतली आणि परत त्यांच्याच हातात दिली. म्हणाला, बाबा आले तर त्यांना द्या. फोन नका करू.

कोणत्या रस्त्यानं गेला? मिरवणूक होती, कोणी पाहिलं नाही.

साधनाला फोन केला. ती एवढंच म्हणाली, "बारीक झाला का?" बरा आहे म्हणतात, म्हटलं. मग दोघंही फोन धरून बसलो.

पावती खिशात आहे. कापडाच्या दुकानाची. चालते. देणाऱ्याचं नाव त्यानं स्वतः लिहिलं आहे, त्याच्या अक्षरात, पूर्ण. हरीओम दौलतराव अवचार.